शोकेसमधले अकरा साचे

४ जून

ताई,

'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. म्हटलं, पहिल्याच शब्दावर पत्र फाडलंस तर पुढचं कोण वाचणार.

फोन तू उचलत नव्हतीस तोवर ठीक होतं, निदान वाजायचा तरी. आता वाजतही नाही. तुझ्या जुन्या ऑफिसात गेलो तर तिथल्या बाई म्हणाल्या, त्यांनी बदली मागून घेतली. कुठे, ते आधी सांगेनात. सख्खा भाऊ आहे म्हटल्यावर नवा पत्ता दिला. बदली मागून घेतेस आणि घरी कुणाला पत्ता नाही! चार महिने झाले, ताई. रागालासुद्धा काही माप असतं की नाही?

बरं, मुद्द्याचं आधी. तुझ्या जोड्याला सप्टेंबरात वर्ष होईल. डाव्या पायाचा आतला थर दबला की तुझी कंबर धरते, हे मी तुला सांगायला नको. माझ्या हातचं तुला चालत नाही, तेही माहीत आहे. बाबांचे हात आता थरथरतात, पण तुझ्यासाठी ते करतील. तुझ्या पायाचा लाकडी साचा इथे आहे, मापं इथे आहेत. दुसरा कुणी करायला गेला तर दीड इंचाचा दगड तुझ्या पायाला बांधून देईल. तेव्हा सप्टेंबरच्या आत ये. एका दिवसाचं काम आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये.

दुकान उत्तम चाललंय. नवा बोर्ड लावलाय, रात्री पेटतो. 'स्टेप अप शू वर्ल्ड'. तुझ्या वहिनीनं विचारलं, आठ बाय बाराच्या खोलीत वर्ल्ड कुठे ठेवणार? तिला विनोद सुचतात, धंदा कळत नाही. बाबांनी चाळीस वर्षं जोडे केले. कुणाचा पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाला बोटंच नाहीत, अशांसाठी असे जोडे, की बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही पाय सारखे वाटावेत. सगळी उंची आत, सगळी करामत आत. अशी कला असलेल्या माणसानं बाहेर काय लिहावं? 'जोडे'. बस. खिडकीला जाड पडदा आणि पेठेच्या मागच्या बोळात दुसरं दार. असं चालतं का आजच्या काळात? समोर ते मोठं दुकान झाल्यापासून दिवसदिवस कुणी यायचं नाही, हे तूसुद्धा पाहिलं होतंस.

म्हणून मी धंदा वाढवायच्या त्या तीन दिवसांच्या शिबिराला गेलो. तिथल्या सरांनी डोळे उघडले माझे. म्हणाले, माल कुणी विकत घेत नाही, लोक गोष्ट विकत घेतात. तुमच्याकडे गोष्ट आहे, ती काचेत मांडा. मी मांडली. मी काय चोरी केली? आणि तुला न विचारता केलं असंही नाही. फोनवर विचारलं होतं, जुने साचे शोकेसमध्ये मांडू का, तर तूच म्हणालीस, 'मांड की.' मग एवढं रामायण कशासाठी?

एका फोटोवरून सख्खं नातं तोडतं का कुणी?

तुझा भाऊ

&nbsp;

२७ जून

ताई,

मागच्या पत्राचं उत्तर नाही, आणि का नाही ते मला परवा कळलं.

तुझी वहिनी कपाट आवरत होती. पाकिटांचा गठ्ठा हातात घेऊन म्हणाली, "वन्सांना पत्र यातलं नाही ना घातलंत?" मी म्हटलं, मग कशात घालणार, हीच तर आहेत. तिनं कपाळावर हात मारून घेतला. पाकिटावर काय छापलंय ते तुला आता सांगायची गरज नाही. तू वाचलं असशील. तुझ्या नव्या ऑफिसातल्या शिपायानं वाचलं असेल, टपाल घेणाऱ्यानं वाचलं असेल. 'पायात काही कमी आहे? आम्ही भरून काढू!' लाल अक्षरांत, आणि खाली बुटाचं चित्र. पाचशे छापून घेतली तेव्हा मला ते वाक्य इतकं आवडलं होतं, की आंघोळ करतानासुद्धा म्हणायचो.

नव्या गावी तुला कुणी ओळखत नव्हतं, आणि मी तिथेही जाहिरात पोहोचवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माफ कर. हे पाकीट कोरं आहे, पोस्टातून आणलंय. मागे नावही घातलेलं नाही.

आणखी एक. दुकान उत्तम चाललंय असं लिहिलं होतं. खोटं होतं ते.

बोर्ड बदलल्यावर जुनी माणसं आली, वर बघितलं आणि परत गेली. त्यांना वाटलं, बाबांनी दुकान विकलं. पोस्टातले काका तर बाबांच्या तब्येतीची चौकशी करायला घरी आले, चेहरा पाडून. बाबांनीच दार उघडल्यावर ते चहाला थांबले. पत्रकं छापली, गावभर वर्तमानपत्रांतून घरोघरी गेली. त्यावर एक हसरं कुटुंब होतं, चौघांच्या पायांत आपण कधी न केलेले बूट, आणि दुकानाचा पत्ता टाकायचा राहिला. मी तीनदा तपासलं होतं ग! रंग तपासला, हसणं तपासलं, पत्त्याकडे लक्षच गेलं नाही. मग अर्ध्या किमतीची पाटी लावली. गर्दी झाली. मोजून एक आठवडा. खेळायचे बूट मागायला आले सगळे. ते आणून ठेवले, तर ते समोरच्या दुकानात आपल्यापेक्षा स्वस्त. जे आले ते पुन्हा फिरकले नाहीत, आणि आपली जी होती ती म्हणायला लागली, अर्ध्यात परवडत होतं तर इतकी वर्षं पुरे का घेतलेत? यावर बाबांकडे उत्तर होतं. मी फक्त पाटी उतरवली.

फोनवर आपल्या दुकानाला पाच वेळा पाच-पाच तारे मिळालेत. दोनदा तुझ्या वहिनीच्या फोनवरून, दोनदा तिच्या आईच्या आणि एकदा माझ्या. सासूबाईंनी लिहिलं, 'जावई फार कष्टाळू आहे.' बुटांबद्दल एक अक्षर नाही.

हसलीस का? हसली असशील तर बरं वाटेल. खरंच.

हसू न येणारी गोष्टही सांगतो. गाण्याच्या बाई आल्या होत्या. बोळातल्या दारानं नाही, पुढच्या. शोकेसपाशी उभ्या राहिल्या. मी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. काच सरकवली, स्वतःचा लाकडी साचा उचलला, खालची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली, साचा पदराखाली घेतला आणि गेल्या. चिठ्ठीवर मी बाबांच्या वहीतून शोधून त्यांचं नाव लिहिलं होतं, आणि पुढे 'आमच्या समाधानी ग्राहक'.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं तर तुझ्या वहिनीला सांगतात, तेही मी समोर बसलेला असताना. 'त्याला म्हणावं, मीठ दे.'

सप्टेंबर लांब नाही. ये ना.

तुझा भाऊ

&nbsp;

१९ जुलै

ताई,

मी 'एका फोटोवरून' असं लिहिलं होतं. आज नीट लिहितो. लिहिल्याशिवाय सुटका नाही, आणि लिहूनही होईल असं वाटत नाही.

फोटो एकच होता, हे खरं. पण फोटोआधी अकरा साचे होते. बाबांनी तुझ्यासाठी केलेले, पाच वर्षांची होतीस तेव्हापासूनचे. माळ्यावरच्या पेटीत कापडात गुंडाळलेले. मी ते पुसले, तेल लावलं आणि शोकेसमध्ये रांगेनं मांडले, लहानापासून मोठ्यापर्यंत. प्रत्येकापुढे चिठ्ठी, वय पाच, वय सात, वय आठ. शेवटी तुझा पदवीचा फोटो. वर पाटी, 'आमच्या ताईची वाटचाल. आज ती ताठ मानेनं चालते!' मागून दिवा लावला होता. इतकं सुंदर दिसत होतं ना, की मी रस्ता ओलांडून जाऊन तिकडून बघितलं. मला रडू आलं. अभिमानानं, खरंच सांगतो.

तू 'मांड की' म्हणाली होतीस ते जुन्या साच्यांबद्दल. कुणाचे, ते मी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं सांगितलं तर नाही म्हणशील. म्हणूनच तसं विचारलं. हे मी कुणाशी कबूल केलेलं नाही, तुझ्या वहिनीशीसुद्धा नाही.

आणि त्या रविवारचं. सकाळी तुझा फोन आला, घरी येतेय, एकांना घेऊन येतेय. आवाजावरूनच कळलं. मी वहिनीला म्हटलं, आली बाई वेळ एकदाची. बाबांनी नवा सदरा काढला. दोन वर्षं ओळख होती तुमची, ते शाळेत शिकवतात, चष्मा आहे, कमी बोलतात, एवढं तू सांगितलं होतंस. एवढंच. पायाचं त्यांना सांगितलं नव्हतंस हे मला ठाऊक नव्हतं, शपथेवर सांगतो. पण ठाऊक असायला हवं होतं. शाळेत असताना मैत्रिणींच्या घरी चप्पल बाहेर काढायला लागू नये म्हणून तू दारातूनच बोलून परत यायचीस, आणि मी तुझ्याबरोबर असायचो.

तुम्ही घरी न जाता आधी दुकानात आलात. बाबांना दुकानातच गाठू, त्यांचं काम दाखवू, असं तुला वाटलं असेल. बोळातल्या दारानं नाही आलात, सरळ समोरून. आणि मी मूर्ख, पायरीवर उभा! 'या, या, बघा,' म्हणत त्यांना दंडाला धरून शोकेसपाशी नेलं. एकेक साचा दाखवला. हा पाचव्या वर्षीचा. हा बघा किती फरक. म्हटलं, तुम्हाला कधी वाटलं तरी का? नाही ना? हीच आमची कला. मला पहिलं गिऱ्हाईक मिळाल्यासारखं वाटलं, इतके लक्ष देऊन ते ऐकत होते.

तू माझ्या मागे होतीस. मी तुझ्याकडे बघितलंच नाही. ते बघत होते.

नंतर घरी आलात, चहा घेतलात, तू कपबश्या विसळूनसुद्धा ठेवल्यास. जाताना बाबांना म्हणालीस, 'येते.' मला काही म्हणाली नाहीस. मला वाटलं, पाहुणे आहेत म्हणून गप्प आहेस. बाबांनी त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन अकराही साचे कापडात बांधले. मी विचारलं, काय झालं? ते माझ्याशी बोलले ते तेवढंच, त्यानंतर नाही. म्हणाले, "ती स्वतः सांगणार होती रे त्यांना. रस्ताभर मनाशी जुळवत आली असेल."

ताई, मला शिव्या दे. दोन ओळींच्या दे, पण लिही.

&nbsp;

३० ऑगस्ट

ताई,

तू लिहीत नाहीस, तरी मी लिहितो. दुकान बंद ठेवलंय महिनाभर. बोर्ड उतरवला.

शोकेसमधले बाकीचे साचेही होते ना, तेवीस जणांचे. ते पिशवीत घेऊन घरोघरी गेलो. बैल गेला आणि झोपा केला, कळतं मला. तरी गेलो. सगळ्यांनी दार उघडलं असं नाही. एकांनी पिशवी दारातच ठेवायला सांगितली. एका आजोबांनी विचारलं, "वडील आहेत ना अजून?" आहेत म्हटल्यावर म्हणाले, "मग त्यांना सांग, माझा राग तुझ्यावर आहे, त्यांच्यावर नाही." पोस्टातले काका उलट मलाच समजावत बसले. त्यामुळे जास्त लाज वाटली.

गाण्याच्या बाईंकडे सगळ्यांत शेवटी गेलो. साचा त्यांनी आधीच नेला होता, मी नुसतीच माफी मागायला गेलो. पेटीपुढे बसल्या होत्या. मी म्हटलं, बाई, तुमचं नाव कौतुकानं लावलं होतं. त्या म्हणाल्या, "कौतुकच होतं रे. जोडाही चांगला होता. पण तीस वर्षं मी उभी राहून गायले तेव्हा लोक माझ्या तोंडाकडे बघायचे. परवा कार्यक्रम झाला, तर पहिली रांग खाली बघत होती. मी सूर चुकले असते तरी त्यांना कळलं नसतं." मग म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना पैसे मी जोड्याचे देत नव्हते."

हे वाक्य मला घरी येईपर्यंत समजलं नव्हतं. घरी आल्यावर समजलं. आपण जोडे विकतच नव्हतो, ताई. कुणाला कळू न देणं विकत होतो. तो पडदा, ते बोळातलं दार, बोर्डावर एकच शब्द, साच्यांवर नावाऐवजी नंबर, हे सगळं मला गबाळेपण वाटलं. बाबांना जाहिरात येत नाही असं मी शिबिरात सगळ्यांपुढे सांगितलं, आणि लोक हसले. अरे, जाहिरात न करणं हीच त्यांची जाहिरात होती! बोळातून आलेला माणूस दुसऱ्या बोळातल्या माणसाला हळूच सांगायचा आणि तो यायचा. समोरच्या दुकानामुळे गिऱ्हाईक कमी झालं म्हणतोय मी, ते आपलं गिऱ्हाईकच नव्हतं. आपलं होतं तेवढं होतं. थोडं होतं. मला ते पुरेसं वाटलं नाही, बाकी काही नाही.

बाबा बोलले. कसं ते सांगतो. मी रिकामी पिशवी घेऊन आलो, ओसरीत बसलो. त्यांनी वहिनीला हाक मारली, ती घरात नव्हती. मग थेट मला म्हणाले, "चाळीस वर्षांत एकाचं नाव दुसऱ्याला सांगितलं नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही. ती रागवायची. म्हणायची, एवढं काय गुपित, सरकारी काम आहे का? मी म्हणायचो, सरकारचं असतं तर सांगितलं असतं." आणि हसले. मी पण हसलो, मग मला आवरेना. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही. बसून राहिले फक्त.

पूर्वी मला वाटायचं, तू घरची म्हणून तुझा साचा वेगळा ठेवला असेल. नव्हता. तुलाही नंबरच होता. सतरा. अकराही साच्यांच्या टाचेखाली सतरा.

सप्टेंबर परवावर आलाय. बाबांनी तुझ्यासाठी चामडं काढून ठेवलंय, मऊ, काळं. मी शोकेसच्या काचेला आतून कागद लावलाय, तात्पुरता. पडदा शिवायला टाकलाय. तू ये, बोळातल्या दारानं ये. मी त्या दिवशी दुकानात नसेन. वाटल्यास गावातच नसेन.

&nbsp;

१२ ऑक्टोबर

ताई,

सप्टेंबर गेला. तू आली नाहीस. बाबा महिनाभर रोज दुकानात येऊन बसले, चारपर्यंत. रस्त्याकडे बघायचे नाहीत, बोळातल्या दाराकडे बघायचे. तुझी वहिनी म्हणाली, कंबर धरली असेल हो त्यांची. मी म्हटलं, गप्प बस. तिचं काही चुकलं नव्हतं.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. लिहू की नको, यात चार दिवस गेले.

ते आले होते. चष्मेवाले. बोळातल्या दारानं आले. त्यांना ते दार कुणी दाखवलं कोण जाणे, विचारत विचारत आले असतील. त्या रविवारनंतर तू त्यांनाही काही सांगितलेलं नाहीस, हे मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं त्यांनी तोंड फिरवलं. मी इतके महिने त्यांना मनातल्या मनात नावं ठेवत होतो, एवढ्यासाठी सोडून गेला म्हणजे लायकीच नव्हती, असं. आणि ते तर तुला शोधत होते.

त्यांनी तुझा पत्ता मागितला नाही. माझ्या खिशात होता, ताई. कागदावर लिहिलेला, तुला पत्रं टाकतो तोच. एक शब्द बोलले असते तर काढून दिला असता, असं आधी वाटलं. मग वाटलं, नसता दिला. तू दिला नाहीस तो मी कसा देऊ? एवढं तरी शिकलो.

तासभर बसले. बाबांशी बोलले, माझ्याशी बोलले. त्या रविवारी मी त्यांना जे 'दाखवलं', त्याबद्दल एक गोष्ट म्हणाले. ती ऐकून मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. ती गोष्ट मी इथे आधी सगळी लिहिली होती. पानभर. सकाळी वाचली आणि फाडली. ती त्यांची आहे, तुला सांगायची. मी एकदा तुमच्या दोघांमध्ये तोंड घातलं, तेवढं जन्माला पुरे. फक्त इतकंच लिहितो की मी त्यांना काही नवीन दाखवलं नव्हतं. दोन वर्षं तुझ्याबरोबर जिने चढलेला माणूस आहे तो. ते वाट बघत होते, ताई. तू कधी सांगतेस याची.

हेही लिहायला नको होतं का? मला कळत नाही. पूर्वी सगळं कळायचं मला.

जाताना बाबांच्या पाया पडले. बाबा त्यांना म्हणाले, "तुमच्या जोड्याची टाच सुटलीय, काढा." आणि बसवून लावून दिली, त्या थरथरत्या हातांनी. मी मदतीला पुढे झालो तर मला हातानंच थांबवलं.

&nbsp;

२१ नोव्हेंबर

ताई,

काल कार्ड आलं. अक्षर तुझं नव्हतं. तुझ्या गावचा शिक्का होता, म्हणून मी ते हातात धरून दारातच उभा राहिलो. वहिनी म्हणाली, वाचा तरी.

तिकडच्या एका कारागिराचं कार्ड होतं. चार ओळी. 'स. न. आपल्याकडील साचा नंबर सतरा, अलीकडचा, कृपया खालील पत्त्यावर पाठवावा. ग्राहकाने नाव न सांगण्याची विनंती केली आहे. सोबत काही सूचना असल्यास कळवाव्यात. ग्राहक आपल्याकडे किती वर्षे येत होते तेही कळवावे, म्हणजे चामडे कसे निवडायचे ते ठरवता येईल.'

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "माणूस नीट दिसतोय. नाव लिहिलं नाही त्यानं." त्यांनी काढून ठेवलेलं काळं चामडं खुर्चीवर होतं, ते उचललं आणि कपाटात ठेवलं.

तुझं उत्तर मिळालं. इतके दिवस लिही, लिही म्हणत होतो. यापुढे त्रास देणार नाही. हे पत्र शेवटचं, आणि ते तुझ्या ऑफिसला वेगळं टाकतोय, कोऱ्या पाकिटातून. पार्सलात ठेवलं नाही. पार्सल तो माणूस उघडेल.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. फार वाईट वाटलं. तुझा पाय दुसऱ्या कुणाच्या मांडीवर, दुसरं कुणी सुतळीनं माप घेतंय, हे डोळ्यांपुढून जात नाही. पण अनवाणी बसली नाहीस, कंबर धरून बसली नाहीस, हेही आहे. बाबा म्हणाले, चांगलं झालं. मीही म्हटलं, चांगलं झालं. आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांना तेच सांगत होतो.

साचा मी पुसला. तेल नाही लावलं, ते कारागिरांना आवडत नाही. बाबांनी सूचना सांगितल्या, मी लिहिल्या. डाव्या टाचेला दीड इंच, त्यातला एक इंच आत आणि अर्धा तळात वाटून द्यावा, म्हणजे बाहेरून कळत नाही. उंचीला बूच वापरावं, लाकूड नको, जड होतं. थंडीत घोटा सुजतो, तेवढी जागा सोडावी. बसवून माप घेऊ नये, आधी दहा मिनिटं चालू द्यावं. दुखतं का विचारलं तर ग्राहक नाही म्हणेल, त्यावर विश्वास ठेवू नये, चेहऱ्याकडे बघावं. हे सांगताना बाबा थांबले. मी पुढचं स्वतःच्या मनानं लिहिलं, माप घेताना पडदा ओढून घ्यावा.

सगळीकडे 'ग्राहक' लिहिलं. हात दोनदा अडखळला, पण कुठेही चुकून दुसरं काही लिहिलं नाही, पुन्हा पुन्हा तपासलं.

किती वर्षं येत होते, या प्रश्नाला बाबांनी मान खाली घातली. म्हणून ते उत्तर मी दिलं. पाच वर्षांच्या असल्यापासून, असं लिहिलं. नातं त्यानं विचारलं नव्हतं. मी सांगितलं नाही.